खाजकुइलीच्या बिया

इस्लामपुराहून शिराळ्याकडे जाऊं लागलें म्हणजे डोंगरउतारांवर व शेतांच्या कुंपणांवर पावसाळा सरतांना एक वेल चढलेली दिसते. तिच्या प्रत्येक देंठाला तीन तीन पानें असतात, जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, व पुढें थंडीच्या दिवसांत वांकड्या, फुगीर शेंगा धरतात. हीच खाजकुइली. शेंगेवरील तपकिरी लव अंगास लागली असतां काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस शिकवावयास नको. वर्षादोन वर्षांतून एकदां तरी कोणाच्या बांकावर ती लव सांपडतेच. ती तेथें कोणीं आणिली याचा शोध मात्र आजवर लागलेला नाहीं.

संस्कृतांत हिला कपिकच्छू म्हणतात. वानरालाही खाज आणणारी, असा त्याचा अर्थ. दुसरें नांव आत्मगुप्ता, म्हणजे आपलें रक्षण आपणच करणारी. नांवें ठेवणारांनीं वेल नीट पाहिली होती, यांत शंका नाहीं. खाज उत्पन्न करण्याचें काम लवेंतील म्युकुनेन नांवाचें, प्रथिनांचे तुकडे पाडणारें एक द्रव्य करतें. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती लव नसून शेंगेच्या आंतील चार-सहा बिया हा आहे. वैद्य लोक त्यांस कवचबी म्हणतात, व वाजीकरणाच्या, म्हणजे संततीसाठीं शरीर समर्थ करण्याच्या, औषधांत त्या पुरातन काळापासून घालीत आले आहेत. त्याच बिया कंपवातावरही देतात. आतां हात थरथरणें आणि मूल न होणें, ह्या दोन तक्रारींचा परस्परांशीं संबंध काय? बाजारांत सर्व रोगांवर एकच पुडी विकणाऱ्याचें हें बोलणें असावें, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. पण येथें संबंध खरोखरच आहे, आणि त्याचीं दोन्ही टोंकें मुंबईच्या डॉक्टरांनीं एकाच वर्षीं हातांत धरून पाहिलेलीं आहेत.

प्रथम कंपवाताकडे पाहूं. ह्या रोगाचें आधुनिक पद्धतीचें पहिलें वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें १८१७ सालीं एका लहानशा पुस्तकांत केलें. त्यानें अवघे सहा रोगी पाहिले होते, आणि त्यांतील कांहीं तर केवळ रस्त्यानें जातांना दिसलेले. तरी वर्णन इतकें नेमकें उतरलें कीं, रोगास पुढें त्याचेंच नांव पडलें. हात मांडीवर स्वस्थ असतां कांपतो, आणि पेला उचलावयास गेलें कीं कांप कमी होतो, ही ह्या रोगाची ठळक खूण. पुढें अंग ताठर होतें, पाऊल लहान पडूं लागतें, चेहऱ्यावरील भाव मावळतो. शिक्षकाच्या नजरेस लवकर येईल अशी आणखी एक खूण आहे: अक्षर बारीक होत जातें. ओळीच्या आरंभीं तें ठीक असतें, आणि ओळ संपेपर्यंत मोहरीएवढें होतें. आजोबांची सही पासबुकावरील जुन्या सहीशीं जुळेनाशी झाली, तर बँकेच्या कारकुनावर रागावण्यापूर्वीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

आमच्या खेड्यांतून 'वय झालें, आतां हात कांपणारच' असें म्हणून रोग्यास ओसरीच्या कोपऱ्यांत बसवून ठेवतात. वय झालेल्या बहुतेकांना हा रोग होत नाहीं, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. मुंबईच्या पारशी समाजांतील १४,०१० लोकांची एक पाहणी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. त्या समाजांत वृद्धांचें प्रमाण मोठें. तरीही रोगी निघाले ४६. तेव्हां कंपवात हा म्हातारपणाचा धर्म नव्हे, तो एक स्वतंत्र रोग आहे, आणि त्यावर उपचार आहे.

तो उपचार समजण्यासाठीं मेंदूंत थोडें डोकवावें लागेल. मेंदूच्या मध्यभागीं खालच्या अंगास काळसर पेशींचा एक लहान पट्टा असतो. ह्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करून तें पुढील पेशींकडे निरोपासारखें धाडतात, आणि त्या निरोपावर आपली हालचाल सुरळीत चालते. ह्या पेशी मरूं लागल्या म्हणजे कंपवात जडतो. डोपामिनचा निम्म्याहून अधिक सांठा आटल्याखेरीज लक्षणें उघड होत नाहींत. ही निसर्गाची दया म्हणावी कीं दगा, हें सांगणें कठीण. बरें, डोपामिन बाहेरून द्यावें, तर तें रक्तांतून मेंदूंत शिरत नाहीं. त्याच्या अलीकडची पायरी असलेलें लेवोडोपा मात्र शिरतें, आणि आंत गेल्यावर त्याचें डोपामिन बनतें. खाजकुइलीच्या बियांत साधारणतः शेंकडा चार ते सहा भाग हेंच लेवोडोपा असतें.

हें आज चार ओळींत सांगतां येतें. कळावयास मात्र अर्धें शतक लागलें. १९१३ सालीं स्वित्झर्लंडांतील मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञानें युरोपांतील एका घेवड्यासारख्या शेंगेच्या बियांतून लेवोडोपा वेगळें केलें, आणि गुण पाहण्यासाठीं अडीच ग्रॅम स्वतःच गिळलें. त्यास जोराच्या ओकाऱ्या झाल्या. त्यापलीकडे त्या द्रव्याचा कांहीं उपयोग त्या काळीं कोणास दिसला नाहीं. १९३७ सालीं मद्रास विद्यापीठांत दामोदरन् व रामस्वामी यांनीं तेंच द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या बियांतून काढलें व इंग्लंडांतील जीवरसायनशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. औषध हातीं आलें होतें, त्याची घटना ठाऊक झाली होती. पण तें कोणत्या रोगाचें औषध, हें पृथ्वीच्या पाठीवर कोणासही माहीत नव्हतें, कारण मेंदूंत डोपामिनचें कांहीं काम असतें हेंच तोंवर समजलें नव्हतें. कुलूप सांपडण्याआधीं वीस वर्षें किल्ली खिशांत पडून होती.

तें कुलूप दुसऱ्या एका वनस्पतीनें दाखविलें, आणि तीही आपल्याकडचीच. सर्पगंधेच्या मुळीनें वाढलेला रक्तदाब उतरतो, हें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रोग्यांवर पाहून १९४९ सालीं ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकांत मांडलें, आणि पाश्चात्य वैद्यांचें लक्ष त्या मुळीकडे गेलें. १९५२ सालीं बाझेल येथें तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. हें घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या अंगांत कंपवातासारखा ताठरपणा येई. स्वीडनमध्यें आर्विद कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांना रेसर्पिन टोचलें, तों ते कान पाडून निश्चळ पडून राहिले. मग त्यांस लेवोडोपा टोचलें, आणि थोड्याच वेळांत ते उठून हिंडूं लागले. कार्लसन यांच्यापुढें आमच्या कुंपणावरची वेल नव्हती, हें खरें. तरी सर्पगंधेनें निजविलें आणि खाजकुइलींतील द्रव्यानें उठविलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. पुढें १९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व होर्निकिएविच यांनीं कंपवातानें मेलेल्या माणसांच्या मेंदूंत डोपामिन अत्यंत कमी असल्याचें दाखविलें, आणि १९६७ सालीं अमेरिकेंत कोत्झियास यांनीं औषधाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन रोगी चालते केले. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कोत्झियास यांच्या युक्तींतील 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. गुगेनहाइमच्या ओकाऱ्यांवरचा तोडगा तोच होता.

आतां मुंबईकडे वळूं. १९७८ सालच्या 'न्युरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकाच्या एकाच खंडांत, थोड्याच पानांच्या अंतरानें, खाजकुइलीवर दोन लेख आहेत. पहिला डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांचा. सहकाऱ्यांत मेंदूच्या रोगांचे विख्यात तज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया हेही होते. ह्या मंडळींनीं कंपवाताच्या रोग्यांना बियांचें चूर्ण देऊन त्याचा परिणाम नोंदविला. दुसरा लेख डॉ. रमा वैद्य व त्यांचे सहकारी यांचा. त्यांत परळच्या प्रजनन-संशोधन संस्थेंतील डॉ. शेठ होते. ह्या लेखाचा विषय कंप नव्हे, तर प्रोलॅक्टिन. रक्तांत वाढलेलें प्रोलॅक्टिन आवरण्याची शक्ति तीन औषधांत कितपत आहे, याची त्यांत तपासणी आहे, आणि त्या तीन औषधांपैकीं एक लेवोडोपा व दुसरें खाजकुइली.

प्रोलॅक्टिन म्हणजे काय? मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि आहे. तिला पीयूषिका म्हणतात. बाळंतिणीच्या स्तनांत दूध उतरविणारा जो रस ती सोडते, तो प्रोलॅक्टिन. इतर वेळीं हा रस फार सुटूं नये म्हणून मेंदू त्याला लगाम घालून ठेवतो, आणि तो लगाम दुसरातिसरा कोणी नसून डोपामिनच होय. एकीकडे हातापायांची हालचाल सांभाळणारें जें द्रव्य, तेंच थोड्या अंतरावर निराळ्या पेशींतून निघून हें निराळें काम करतें. लगाम सैल झाला म्हणजे प्रोलॅक्टिन वाढतें. मग स्त्रीच्या अंगीं गर्भ नसतांही दूध येतें, पाळी थांबते, बीजकोशांत स्त्रीबीज पक्व होत नाहीं. पुरुषांतही बीजनिर्मितीला चेतना देणारे रस कमी पडतात. लेवोडोपा दिलें कीं त्याचें डोपामिन बनून लगाम पुन्हां ताणला जातो. बियांचें चूर्ण दोन इतक्या दूरच्या तक्रारींवर कां योजिलें जावें, याचें उत्तर हें असें एका रेणूंत आहे.

पुरुषबीजाविषयीं येथें दोन शब्द अधिक लिहितों. शरीरांतील पेशी बहुधा आपल्या जागीं राहतात. शुक्रजंतु मात्र पोहतो. त्याच्या शेंपटींत सूक्ष्म नलिकांच्या नऊ जोड्या वर्तुळांत बसविलेल्या असून मध्यें आणखी दोन नलिका असतात. डायनीन नांवाचीं प्रथिनें ह्या जोड्यांना एकमेकींवरून सरकवितात, म्हणून शेंपटी वळवळते. असा एक जंतु तयार होण्यास सुमारें ७४ दिवस लागतात. तेव्हां आठ दिवसांत गुण देणारें औषध कोणी विकूं लागला, तर हा आंकडा त्यास ऐकवावा. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठांतील संशोधकांनीं ही गोष्ट ओळखून वंध्यत्वाची तपासणी करून घेणाऱ्या ७५ पुरुषांना खाजकुइलीच्या बियांचें चूर्ण रोज पांच ग्रॅम याप्रमाणें तीन महिने दिलें, व ७५ निरोगी पुरुषांशीं त्यांची तुलना केली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या लेखाप्रमाणें शुक्रजंतूंची संख्या व चपळाई वाढली आणि प्रोलॅक्टिन घटलें. मात्र त्यांत चूर्णासारखी दिसणारी निर्गुण पुडी घेणारा, तुलनेसाठींचा असा रोग्यांचा निराळा गट नव्हता. म्हणून ह्या निष्कर्षास आशादायक म्हणावें, निर्णायक म्हणूं नये.

ह्या प्रश्नांत शास्त्राइतकाच आमच्या घरांतील रीतीचाही भाग आहे. मूल झालें नाहीं कीं दोष आधीं सुनेच्या पदरांत पडतो. तिच्यासाठीं नवस, गंडेदोरे, दवाखाने सर्व होतें. कोठें कोठें सवत आणण्याच्याही गोष्टी निघतात. मुलाची तपासणी एका सकाळचें काम असून ती शेवटीं होते, किंवा होतच नाहीं. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या बाबतींत पुरुषाकडचें कारण असतें, एकटें किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीनें. कवचबीचें चूर्ण सासूनें सुनेच्या दुधांत गुपचूप मिसळावें, यापेक्षां मुलानें उजळ माथ्यानें सूक्ष्मदर्शकाची तपासणी करून घ्यावी, हें बरें.

कंपवाताकडील पुढचा पुरावा अधिक भक्कम आहे. बियांच्या एका प्रमाणित चूर्णाचा प्रयोग अनेक रुग्णालयांत मिळून ६० रोग्यांवर बारा आठवडे झाला, तो १९९५ सालीं प्रसिद्ध झाला व त्यांत रोग्यांस आराम दिसला. २००४ सालीं लंडनमध्यें आठ रोग्यांवर काटेकोर तुलना झाली. तींत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सुमारें ३५ मिनिटांत दिसूं लागला. नेहमींच्या गोळ्यांस त्याच्या दुप्पट वेळ लागला होता. परंतु एका मात्रेचा गुण निराळा आणि रोजचें सेवन निराळें. बोलिव्हिया देशांत गरीब रोग्यांना गोळ्या परवडत नाहींत म्हणून १४ जणांना भाजलेल्या बियांचें चूर्ण रोज देऊन पाहिलें. १६ आठवड्यांच्या त्या प्रयोगांतून निम्मे गळाले. चौघांना पोटाचा त्रास सोसेना, तिघांची हालचाल उलट बिघडली. हें २०१८ सालचें वृत्त आहे. गोळ्यांत लेवोडोपाबरोबर कार्बिडोपा घातलेलें असतें; तें लेवोडोपाला मेंदूबाहेरच खर्च होऊं देत नाहीं, म्हणून मात्रा थोडी पुरते आणि ओकारी टळते. नुसत्या चूर्णांत ही सोय नाहीं.

अति सेवनाचें उदाहरण याहून भयंकर आहे. १९८९ सालीं आफ्रिकेंतील मोझांबिक देशांत अवर्षणामुळें लोकांनीं ह्याच जातीच्या बिया अन्न म्हणून खाल्ल्या. तेथील रीत अशी कीं त्या पुनः पुन्हां उकळून पाणी ओतून द्यावयाचें. पाण्याचीच टंचाई असल्यानें तें झालें नाहीं, आणि दोनशेंवर माणसें बुद्धिभ्रमानें ग्रासलीं. लेवोडोपा फार झालें म्हणजे कंपवाताच्या रोग्यालाही नसलेलीं माणसें दिसूं लागतात, तें याच कारणानें.

ज्या घरांत कंपवाताचा रोगी आहे त्या घरच्या मुलांसाठीं एवढें लिहून ठेवतों. आजोबा गोळ्यांबरोबर कवचबीचेंही चूर्ण घेत असतील, तर तें डॉक्टरांस सांगावें. दोहोंतील लेवोडोपाची बेरीज होते. बियांतील प्रमाण वेलीगणिक कमीजास्त असतें, त्यामुळें चमच्यानें मोजलेलें चूर्ण म्हणजे मोजलेलें औषध नव्हे. गोळ्या एकाएकीं बंद करूं नयेत. आणि डाळ, दूध, अंडीं यांतील प्रथिनांपासून होणारीं अम्लें आंतड्यांतून व पुढें मेंदूंत शिरतांना लेवोडोपाची वाट अडवितात. यासाठीं पोटांस सोसत असेल तर गोळी जेवणापूर्वीं अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर द्यावी.