डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी

अंधेरी स्टेशनातून पश्चिमेला गेले की इमारतींच्या गर्दीत एक काळा कडा दिसतो. त्याला गिल्बर्ट हिल म्हणतात. उंची सुमारे 200 फूट. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. जवळून पाहा. दगडाचे उभे खांब एकाला एक चिकटून उभे आहेत. ते कुणा पाथरवटाने घडवलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून वितळलेला दगड वर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे खांब झाले.

आता तिथे आग नाही. महाराष्ट्रात जागा ज्वालामुखी कुठेच नाही. आपल्या देशात एक आहे, अंदमानात बॅरन बेटावर, पण तिथे वस्ती नाही. मग आम्हाला काय त्याचे, असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा. ज्वालामुखीच्या गावी माणसे आगीनेच मरतात असे नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री नऊच्या सुमारास एक बर्फाचा डोंगर पेटला. बर्फ वितळले, पाणी आणि माती एक झाली आणि चिखलाचा लोंढा नदीतून खाली आला. आर्मेरो गाव कित्येक कोस दूर. लोंढा पोचायला अडीच तास लागले. एवढ्या वेळात माणसे चालत उंचावर गेली असती. पण लोकांना घरातच राहा असे सांगितले गेले. वीस हजारांहून जास्त माणसे चिखलात गेली.

आपल्याकडे बर्फ नाही. पाऊस मात्र आहे. आपले डोंगर त्याच जुन्या लाव्ह्याचे, थरावर थर असे बनले आहेत. वरचा दगड झिजून त्याचा मुरूम आणि माती होते. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये गेरूसारखी लाल, मऊ माती असते. पाणी मुरले की ती निसरडी होते. त्यात आपण पायथा खणतो, झाडे तोडतो, सांडपाणी उतारावर सोडतो. मग एका रात्री दरड सुटते.

घाटकोपरच्या आझादनगरात 12 जुलै 2000 रोजी दरड पडली. साठांहून जास्त माणसे गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि साकीनाक्याला डोंगर खाली आला. तिथेही सत्तरांहून जास्त. पुणे जिल्ह्यात माळीण, 30 जुलै 2014. रायगडात इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. तारखा बघा. सगळा जुलै महिना.

लोक म्हणतात, आमच्या बापजाद्यांपासून इथे आहोत, काही झालं नाही. माळीणचे लोकही तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते.

डोंगर पुष्कळदा आधी सांगतो. जमिनीला नवी भेग पडते. झाड किंवा विजेचा खांब कलतो. कालपर्यंत नीट लागणारे दार आज अडकते. नसलेल्या जागी गढूळ झरा फुटतो, किंवा वाहता ओहोळ एकाएकी आटतो. यातले काही दिसले की भांडीकुंडी गोळा करत बसू नये. मुलांना उचला आणि निघा. पळताना उताराने सरळ खाली पळू नका, कारण दरडही तिकडेच येते. बाजूला पळा.

दरड पडल्यावर पहिला तास शेजाऱ्यांचाच असतो. 108 वर रुग्णवाहिकेसाठी आणि 1916 वर पालिकेला फोन करा. मधून मधून सर्वांनी गप्प राहा, म्हणजे आतली हाक ऐकू येईल. माणूस सापडला की तोंडातला, नाकातला चिखल आधी बोटाने काढा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. हातपाय धरून ओढू नका. मान किंवा कणा मोडला असेल तर ओढण्याने माणूस जन्माचा पांगळा होतो. दाराची फळी घाला आणि त्यावरून न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मांडी किंवा पाय तासाभराहून जास्त दगडाखाली दबलेला असला, तर दगड काढताच दबलेल्या स्नायूतले विष रक्तात उतरते. बोलता-चालता माणूस दगावतो. म्हणून छातीवर किंवा तोंडावर ओझे असेल तर ते लगेच काढा, पण पाय बराच वेळ दबलेला असेल तर डॉक्टरांची वाट पाहा आणि किती वेळ दबला आहे ते त्यांना सांगा.

चिखलातली जखम साधी दिसली तरी साबण-पाण्याने धुऊन दवाखान्यात दाखवा. धनुर्वाताची सुई घ्या. घाण पाण्यात उंदराचे मूत असते. त्यातून लेप्टो नावाचा ताप येतो. 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे. पुराच्या पाण्यातून चाललात तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा. ताप येण्याआधीच तिथे गोळी देतात. गरोदर बाईला आणि लहान मुलाला वेगळी गोळी लागते, म्हणून शेजारणीची घेऊ नये. पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा.

हे झाले नंतरचे. खरे काम मे महिन्यातच करायचे. रुग्णवाहिका बोळात वर चढत नाही. मग रोग्याला खाली रस्त्यापर्यंत कोण आणणार? अंथरुणाला खिळलेली म्हातारी कुठल्या खोलीत आहे, नववा महिना कोणाला आहे, क्षयाच्या, साखरेच्या गोळ्या कोणाच्या चालू आहेत, याची चाळीने यादी करावी. प्रत्येकापुढे उचलणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. दोघेही रात्रपाळीचे नसावेत. गोळ्या आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. मोठ्या पावसात रात्री दोघांनी जागावे आणि धोका दिसताच थाळी वाजवावी. नऊच्या महिन्यातल्या बाईला पावसाळ्यापुरते खालच्या नातेवाइकाकडे पाठवावे. सासू कुरकुर करील. करू द्या.

फोनचे नंबर मोबाईलमध्ये ठेवून भागत नाही, वीज गेली की तो बंद पडतो. नळाजवळच्या भिंतीवर 108 आणि 1916 हे आकडे मोठे लिहा. खडूने नको, रंगाने. पहिल्या पावसात खडू पुसला जातो.