भिंतीवरून कागदावर

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात सुरगाणा नावाचा डोंगराळ तालुका आहे. पूर्वी येथे एक लहानसे संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले. या तालुक्याची सीमा ओलांडली की गुजरात राज्य लागते. नार आणि पार या नद्या याच डोंगरदऱ्यांतून वाट काढीत पश्चिमेकडे धावतात. पावसाळ्यात सारे डोंगर हिरवे होतात, उतारावर नागली आणि वरई डोलू लागते, खाचरांत भाताची लावणी चालते. कोकणा, वारली, महादेव कोळी हे येथले मूळचे रहिवासी होत.

या रानातल्या माणसांना चित्रांची आवड फार जुनी आहे. गावाच्या शिवेवर वाघदेवाचे ठाणे असते. तेथील लाकडी किंवा दगडी पाटीवर वाघ, नाग, मोर, चंद्र आणि सूर्य कोरलेले दिसतात. वाघबारशीला गुराखी या देवाची पूजा करतात आणि गुरांना सांभाळ अशी त्याला विनवणी करतात. बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांचे रंगविलेले मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचविली जातात. ज्या पशूचे भय वाटते त्याचेही चित्र काढावे, आणि ज्याच्यावर पोट चालते त्याचेही काढावे, अशी ही रीत आहे.

सुरगाणा-पेठच्या डोंगरांतून नैर्ऋत्येकडे उतरत गेले की जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हा मुलूख लागतो. वारली समाजाची वस्ती या साऱ्या पट्ट्यात पसरलेली आहे. त्यांपैकी डहाणू तालुक्यातील गंजाड या गावी एक शेतकरी राहत असे. कोणत्याही शाळेत त्याने चित्रकलेचे धडे घेतले नव्हते. दिवसा शेतात राबावे आणि सवड मिळेल तेव्हा चित्रे काढावी, हा त्याचा छंद. या छंदापायी त्याचे नाव पुढे सातासमुद्रांपलीकडे गेले. त्या चित्रकाराचे नाव जिव्या सोमा मशे.

जिव्यांचे चित्र समजावयाचे तर आधी वारली घराची भिंत पाहिली पाहिजे. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करावयाचा, त्यावर शेणमातीचा लेप द्यावयाचा आणि वरून गेरूचा हात फिरवावयाचा, की तांबूस रंगाची भिंत तयार होते. तांदूळ भिजवून, वाटून पांढरा रंग करावयाचा. बांबूची बारीक काडी घेऊन तिचे टोक चावून मऊ केले की झाली लेखणी. बाजारातून आणावे असे यात काहीच नाही.

ही भिंत वाटेल त्या दिवशी रंगवीत नसत. घरात लग्न निघाले म्हणजे सवाशिणी जमत आणि लग्नाचा चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ही झाडापिकांची, सुफलतेची देवी. तिच्या भोवती झाडे, पशुपक्षी, सूर्यचंद्र आणि नाचणारी माणसे असतात. तो चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नसे. म्हणजे चित्र हे तेथे केवळ शोभेचे साधन नव्हते, ते मंगलकार्याचेच एक अंग होते. आणि त्याचा मान स्त्रियांकडे होता. पुरुषांनी हाती काडी घ्यावी असा प्रघात नव्हता.

मग जिव्यांनी ती का घेतली?

जिव्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यात झाला. अगदी लहान वयात ते आईला पारखे झाले. त्या दुःखाचा घाव एवढा खोल होता की त्या मुलाची वाचाच जणू हरपली. कोणी विचारले तरी तो बोलत नसे. बोलावयाचे असले की तो खाली बसे आणि धुळीत बोटाने चित्र काढी. पाणी हवे असेल, बैल चुकला असेल, रानात काही दिसले असेल, ते सारे तो रेषांनीच सांगे. गावातील माणसांना या मुक्या मुलाचे नवल वाटे. दुसऱ्यांचा छंद करमणुकीसाठी असतो. या मुलाला मात्र चित्र हीच भाषा झाली. ज्याला जगाशी बोलावयाचे आहे, तो लग्नाचा मुहूर्त येईपर्यंत कसा थांबणार? म्हणून जिव्या रोज चित्रे काढू लागले, आणि मोठेपणीही त्यांचा हात कधी थांबला नाही.

या सुमारास दूर बिहारमध्ये एक घटना घडली होती. १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिला भागातील लोकांना काही मिळकत व्हावी म्हणून तेथील स्त्रियांना, भिंतीवर काढता ती चित्रे कागदावर काढा, असे सुचविण्यात आले. पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून हे काम करावयास गेलेले चित्रकार होते भास्कर कुलकर्णी. तेच भास्कर कुलकर्णी पुढे १९७० नंतरच्या काळात वारली मुलुखात आले. झोपडीझोपडीतील भिंती त्यांनी पाहिल्या. स्त्रियांना कागद दिला, परंतु त्या संकोचल्या. जिव्यांना कागद दिला, तेव्हा मात्र त्यांच्या हातून चित्रांचा झराच वाहू लागला. भिंत जेवढी तेवढेच चित्र, आणि भिंत सारवली की चित्रही गेले, हा नियम येथे मोडला. कागद हाती आल्यावर जिव्यांना मनातले सारे रान उभे करावयास जागा मिळाली.

त्या चित्रांत काय होते? जिव्यांनी जे रोज पाहिले तेच होते. राब भाजणारी माणसे, औत ओढणारे बैल, वाकून लावणी करणाऱ्या बाया, खळ्यावरची मळणी, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या, झाडावर सरसर चढणारी खार, रांगेने निघालेल्या मुंग्या. तारप्याचा नाच तर त्यांच्या फार आवडीचा. तारपा हे वाळलेल्या भोपळ्याचे आणि बांबूचे फुंकून वाजवावयाचे वाद्य. तारपकरी मध्यभागी वाजवीत फिरतो आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसांची साखळी गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाते. जिव्यांच्या चित्रातील ही साखळी पाहताना आपलीही पावले थिरकू लागतात. कधी त्यांनी मासे धरण्याचे जाळे काढले. कागदभर पसरलेल्या त्या जाळ्याचा डोळा न् डोळा त्यांनी असंख्य बारीक रेषांनी विणला. त्यांनी काडीनेच जाळे विणले म्हणा ना!

बालमित्रांनो, या चित्रांची रचना पाहिली तर ती अतिशय सोपी वाटते. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन, एवढेच आकार. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणसाचे धड झाले. वर एक वाटोळे डोके, खाली काडीसारखे पाय. रंग एकच, पांढरा. छाया नाही, उजेड नाही, चेहऱ्यावर नाकडोळेही नाहीत. तरी कोणते माणूस थकले आहे, कोणते नाचते आहे, कोणता बैल हट्टाने थांबला आहे, हे आपल्याला चटकन ओळखू येते. हे कसे घडते?

याचे रहस्य पाहण्यात आहे. त्रिकोण किंचित पुढे कलला की माणूस चालू लागते. अधिक वाकला की ओझे वाहू लागते. बैलाची मान किती खाली गेली म्हणजे तो जू ओढतो आहे असे दिसेल, हे मोजपट्टी सांगू शकत नाही. ज्याने नांगराची मूठ धरून बैलाच्या मागे अनेक पावसाळे काढले आहेत, त्याच्या हाताला ते माप ठाऊक असते. जगात सारे काही अहोरात्र हलत असते आणि हालचाल म्हणजेच जीवन, अशी जिव्यांची धारणा होती. म्हणून त्यांची मुंगीसुद्धा कागदावर स्वस्थ बसत नाही.

आणखी एक गंमत पाहा. आपण देखावा काढतो तेव्हा एका जागी उभे राहून जेवढे दिसते तेवढेच काढतो. दूरचे डोंगर लहान, जवळचे झाड मोठे. वारली चित्रकार तसे करीत नाही. तो शेत वरून पाहतो, झाड बाजूने पाहतो, आणि दोन्ही एकाच चित्रात मांडतो. कारण तो एका ठिकाणी उभा राहून रान पाहत नाही. तो त्या रानात सगळीकडे हिंडलेला असतो. त्याचे चित्र म्हणजे त्याच्या भटकंतीची आठवणच होय.

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात जिव्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी ती चित्रे फ्रान्समध्ये गेली, आणि त्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात रिचर्ड लाँग या प्रख्यात इंग्रज कलावंताच्या कलाकृतींशेजारी त्यांची चित्रे मांडली गेली. २०११ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. एवढे सगळे घडले तरी त्यांचे घर गंजाडलाच राहिले. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार झाले.

आता कोणी म्हणेल, जे चित्र देवीसाठी काढावयाचे, ते विकण्यासाठी काढल्याने त्याचे पावित्र्य कमी झाले नाही काय? हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे. आज पिशव्यांवर, कपड्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर वारली आकृत्या दिसतात. त्यांतील पुष्कळशा छाप्याने उमटविलेल्या असतात. त्या आकृत्यांना त्रिकोण आहेत, पण चाल नाही; कारण उमटविणाऱ्याने ना बैल पाहिला, ना तारप्याचा नाच. याला केवळ नक्कल म्हणावे लागेल. जिव्यांनी मात्र लग्नाचा चौक बाजारात नेला असे म्हणता येणार नाही. चौकाचा मान चौकाकडेच राहिला. त्या चौकाने जी अक्षरे शिकविली, त्या अक्षरांनी त्यांनी आपली स्वतःची गोष्ट लिहिली. भाषा सर्वांची असते. तिच्यात खरे बोलणे हे ज्याचे त्याचे काम असते.

छंद म्हणजे रिकाम्या वेळेचा खेळ, असे आपण समजतो. जिव्यांचे जीवन पाहिले म्हणजे छंदाचा निराळाच अर्थ ध्यानात येतो. ज्या कामासाठी कोणी बोलावीत नाही, ज्याची मजुरी ठरलेली नाही, आणि तरीही जे केल्यावाचून आपल्याला राहवत नाही, ते काम म्हणजे छंद. तो जोपासावयास महागडे रंग लागत नाहीत. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरील मुलाजवळही गेरू आहे, तांदळाचे पीठ आहे, बांबूची काडी आहे. दारात गाय बांधलेली आहे आणि समोर डोंगर उभा आहे. उणीव असलीच तर ती गाईकडे घटकाभर नीट पाहत बसण्याची. ती कशी उठते? आधी पुढचे पाय टेकते की मागचे? हे ज्याला सांगता येईल, त्याची काडी भिंतीवर आपोआप चालू लागेल.

स्वाध्याय

१. वारली घराची भिंत चित्रासाठी कशी तयार करतात?
२. लहानपणी जिव्या धुळीत चित्रे का काढीत असत?
३. वारली चित्रातील देखावा आणि आपण काढतो तो देखावा यांत कोणता फरक आहे?
४. ‘त्रिकोण आहेत, पण चाल नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. गाय, शेळी किंवा कोंबडी यांपैकी एका प्राण्याचे पाच मिनिटे निरीक्षण करा. त्याची एखादी हालचाल केवळ त्रिकोण, वर्तुळ व रेषा यांच्या साहाय्याने काढून दाखवा.