तोफखान्याच्या गावात रिमोटचं विमान

प्रश्न : आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. नववीत शिकणाऱ्या माझ्या नातवानं फोमशीटचं रिमोटवर चालणारं विमान बनवलंय. हातातली काडी हलवली की तिकडे लांब असलेलं विमान नेमकं कसं वळतं? आणि आमच्या इथल्या मोकळ्या मैदानावर ते उडवू द्यावं का?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नातू बहुधा येत्या रविवारचीच वाट पाहत असेल. कॅम्पात, लेखी परवानगी हातात नसताना, मुळीच उडवू देऊ नका. मैदान मोकळं दिसलं तरी त्यावरचं आकाश मोकळं नाही. देवळालीत लष्कराचं तोफखाना प्रशिक्षण विद्यालय आहे आणि त्याला लागून गोळाबाराचा सराव होणारा मोठा मुलूख आहे. गांधीनगरच्या धावपट्टीवरून लष्कराच्या वैमानिकांची हेलिकॉप्टरं प्रशिक्षणासाठी उडतात. खाली उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला एक मीटर पंखाचं पांढरं विमान वेळेत दिसेलच असं नाही.

कायदाही माहीत असू द्या. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ड्रोन नियम लागू केले. छंदासाठी, शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान त्यात ‘मॉडेल’ म्हणून वेगळं धरलं आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राच्या कटकटीतून सूट आहे. पण आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी वाटणी मॉडेललाही लागू होते. हिरव्या भागात सर्वसाधारणपणे ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर जागा शोधा, मग स्थानिक पोलिसांना विचारा, आणि गाव-रस्त्यापासून दूर, शेतमालकाच्या संमतीनं उघडं रान निवडा. नातवाला हे कंटाळवाणं वाटेल, तरी हे काम त्याच्याकडूनच करून घ्या.

आता काडीची गोष्ट. आजकालचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि सेकंदाला अनेकदा वाहिनी बदलत राहतात, त्यामुळे एकाच मैदानावर दहाजण उडवत असले तरी संदेश सहसा एकमेकांत अडकत नाहीत. विमानातला रिसीव्हर तो संदेश सर्व्होकडे देतो. सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान डबी, तिच्यात एक मोटर, दातेरी चाकं आणि आपली दांडी आत्ता कुठे आहे हे सांगणारा एक छोटा पोटेन्शिओमीटर. रिसीव्हर सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा ठोका देतो. ठोका १.५ मिलिसेकंदांचा असला की दांडी मधोमध राहते, १ कडे सरकला की एका बाजूला, २ कडे गेला की दुसऱ्या बाजूला. दांडी सांगितलेल्या जागी येईपर्यंत मोटर फिरते आणि थांबते. दांडीला तार, तारेला पंखाच्या मागचं पातं.

डावीकडे वळायचं असेल तर डाव्या पंखाचं पातं वर उठतं, उजव्याचं खाली जातं. डाव्या पंखाची उचल कमी होते, उजव्याची वाढते, विमान डावीकडे कलतं. कलल्यावर पंखांची उचल सरळ वर न राहता तिरकी होते आणि तीच विमानाला वळणात ओढते. उचलीतला काही भाग वळण्यात खर्ची पडल्यानं नाक खाली जातं, म्हणून त्याच वेळी शेपटीचं पातं किंचित वर घ्यावं लागतं. नवशिक्याचं विमान बहुतेकदा इथेच आपटतं. दुसरी फसगत होते ती विमान समोरून आपल्याकडे येताना, कारण तेव्हा डावं-उजवं उलटतं. जुने उडवणारे सांगतात ते नातवाला शिकवा : जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच बाजूला काडी ढकलायची, विमान सरळ होतं.

हा छंद आणि आपल्या गावचा तोफखाना एकाच वंशातले आहेत, हे मला फार आवडतं. ब्रिटिशांनी १९३५ मध्ये टायगर मॉथ या शिकाऊ विमानावरून ‘क्वीन बी’ हे बिनवैमानिकाचं विमान तयार केलं, ते विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीचं लक्ष्य म्हणून. जमिनीवरचा माणूस टेलिफोनसारखी तबकडी फिरवून त्याला हुकूम सोडत असे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आणि रेजिनाल्ड डेनी! हॉलिवूडमध्ये सिनेमात काम करणारा हा नट, मॉडेल विमानांचं दुकान चालवायचा. त्याच्या कंपनीनं दुसऱ्या महायुद्धात तोफचींच्या सरावासाठी रेडिओवर चालणारी सुमारे १५ हजार विमानं पुरवली. हौशी माणसाच्या टेबलावरून वस्तू लष्कराच्या मैदानात गेली. ज्या जिल्ह्यात ओझरला मिग-२१ आणि सुखोई-३० ही लढाऊ विमानं बांधली गेली, तिथल्या मुलानं ही गोष्ट ऐकायलाच हवी.

बांधणीबद्दल आपण विचारलं नाहीत, पण सगळं तिथेच ठरतं. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर यायला हवा. पतंगाला कन्नी बांधताना बोटभर फरकानं जे होतं तेच इथे होतं. शेपूट जड झाली तर ते सावरता येत नाही, नाक थोडं जड असलं तर विमान ऐकतं तरी. फोमवर साधा सुपरग्लू लावू नका, थर्माकोल वितळतो. हवेचाही हिशेब धरा. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला की इथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा जवळपास १३ टक्के विरळ होते. तेवढ्याच वजनाच्या विमानाला तरंगायला सुमारे ७ टक्के जास्त वेग लागतो. म्हणून हिवाळ्यातली सकाळ, वारा सुटण्याआधीची, सर्वांत चांगली.

परवानगी मिळेपर्यंत त्याला बसवून ठेवू नका. बाल्सा लाकडाचं हातानं फेकायचं ग्लायडर घरामागच्या अंगणात उडवता येतं. त्यात ना मोटर, ना रेडिओ. तोल चुकला की नाकावर मातीचा गोळा लावायचा, पुन्हा फेकायचं. एनसीसीच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग अभ्यासक्रमातच असतं, शाळेत चौकशी करा. आणि बॅटरी लिथियम पॉलिमरची असेल तर चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नका. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो, फुगलेली बॅटरी मात्र परत चार्ज करायची नाही.