गर्दीचे गणित

विद्यार्थिमित्रहो, शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तुमच्यापैकी काहीजण उद्या नोकरीसाठी मुंबईस जातील. गोव्याहून मुंबईस जाणारी वाट जुनी आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे आपली माणसे आगबोटीने तेथे जात असत आणि आपले कित्येक ख्रिस्ती बांधव धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावच्या ‘कुडां’मध्ये उतरत असत. चतुर्थीस घरी येणारा चाकरमानी एक तक्रार हमखास करतो : “मुंबईची माणसे मोठी निष्ठुर! गाडीत पाऊल ठेवू देत नाहीत.” ही तक्रार आपण जरा तपासून पाहू. माणसे निष्ठुर आहेत म्हणून धक्काबुक्की होते, की धक्काबुक्की होते म्हणून माणसे निष्ठुर भासतात?

प्रथम नकाशा उघडा. मूळची मुंबई म्हणजे सात लहान बेटे. भर घालून ती एकत्र जोडली गेली आणि दक्षिणोत्तर लांब, पूर्वपश्चिम अरुंद अशी एक चिंचोळी पट्टी तयार झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, तेव्हा तिला अवघे १४ डबे होते आणि सुमारे ४०० निमंत्रित तीत बसले होते. पुढे बंदर, पेढ्या व सरकारी कचेऱ्या दक्षिणेच्या टोकास वाढल्या. तेथे जागा महाग झाली, म्हणून सामान्य माणसाचे बिऱ्हाड उत्तरेकडे सरकत सरकत विरार, कल्याण आणि त्याही पलीकडे गेले. आता ध्यानात घ्या : सकाळी बहुतेक सारे दक्षिणेकडे निघतात, तेही एकाच दिशेने आणि एकाच घटकेस. कोविडच्या साथीपूर्वी लोकलगाड्यांतून दररोज ७० लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करीत. गोव्याची सारी लोकसंख्या सुमारे १५ लाख, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल.

“मग गाड्या वाढवाव्यात,” असे तुम्ही म्हणाल. परंतु रुळावर गाड्या एकामागून एक खेटून धावू शकत नाहीत. धावती गाडी थांबण्यास अंतर लागते. म्हणून पुढील गाडीने रुळाचा ठरावीक भाग मोकळा केल्याखेरीज मागच्या गाडीस सिग्नल मिळत नाही. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमध्ये केवळ तीन-चार मिनिटे असतात आणि स्थानकावरील थांबा अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो. एखाद्या दारात माणूस अडून राहिला आणि गाडी वीस सेकंद अधिक थांबली, तर तो उशीर मागच्या गाडीस, तेथून तिच्या मागच्या गाडीस पोचतो. फलाटावरील माणसे तेवढ्या वेळात आणखी वाढतात, त्यांना चढण्यास अधिक वेळ लागतो, आणि उशिरातून उशीर जन्मतो.

आता घरचा हिशेब मांडू. ज्या मनुष्यास जाण्यायेण्यास मिळून तीन तास लागतात आणि जो वर्षातून २८० दिवस कामावर जातो, त्याचे वर्षाकाठी ८४० तास प्रवासात जातात. म्हणजे पूर्ण ३५ अहोरात्र. तीस वर्षांच्या नोकरीत हेच १०५० दिवस होतात. आयुष्यातील जवळजवळ तीन वर्षे तो मनुष्य उभ्याने काढतो!

पदवी घेतल्यावर प्रस्तुत लेखकानेही तेथील एका कचेरीत एक वर्ष काढले. तीन दिवस उशीर झाला की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाई. एके दिवशी पावसाने गाड्या खोळंबल्या आणि माझा तिसरा उशीर भरला. दुसऱ्या दिवशी मी दारातील एका वृद्ध गृहस्थांना कोपराने बाजूस सारून आत शिरलो. ते काही बोलले नाहीत. पुढल्या स्थानकावर बाकावर जागा झाली, तेव्हा ते बसले, अंग चोरून घेतले आणि मला म्हणाले, “या मास्तर, चौथे बसा.” मी तेव्हा मास्तर नव्हतो, काखेतील पुस्तकावरून त्यांनी तर्क केला असावा. त्या दिवशी त्या डब्यातील निष्ठुर मनुष्य कोण होता, हे मला निराळे सांगावे लागले नाही.

तिघांच्या बाकावर चौथ्यास टेकू देणे, पाठीवरची पिशवी पोटाशी धरणे, “पुढे उतरणार का?” असे विचारून आधीच जागा अदलाबदल करणे, हे नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाहीत. गर्दीने ते स्वतः घडविले आहेत, आणि त्यांच्या आधारेच दररोजचा व्यवहार पार पडतो.

तथापि प्रवाशांच्या सौजन्याने सारे भागेल, असा समज करून घेऊ नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी, स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर ऐन पावसात चेंगराचेंगरी होऊन वीसाहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेथे कोणाचा स्वभाव वाईट नव्हता. माणसे फार होती व पूल अपुरा होता. सौजन्य पुलाची रुंदी वाढवीत नाही. पूल रुंद करणे, डबे वाढविणे, कचेऱ्यांच्या वेळा निरनिराळ्या ठेवणे आणि उद्योगधंदे एकाच टोकास गोळा होऊ न देणे, ही कामे राज्यकर्त्यांची व कचेरीच्या चालकांची आहेत. ती त्यांच्याकडून मागून घेणे हे नागरिकाचे कर्तव्य होय.

म्हणून, मित्रहो, उद्या तुम्ही त्या फलाटावर उभे राहाल तेव्हा राग येईल. तो अवश्य येऊ द्या. मात्र तो शेजारच्या घामेजलेल्या माणसावर काढू नका. तोही तुमच्यासारखाच आपल्या आयुष्यातील तीन वर्षे तेथे देत आहे. आणि कधी काळी तुमच्यापैकी कोणी कचेरीचा मुख्य झाला, तर पावसात उशिरा आलेल्या कारकुनाची अर्धी रजा कापण्यापूर्वी हे गणित एकवार करून पाहा.