प्रश्न तुमचे : क्रोमने माझा ॲड-ब्लॉकर का काढून घेतला?

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलाने लॅपटॉपवर ॲड-ब्लॉकर टाकून दिला होता, त्यामुळे पेपर वाचताना मध्येच उड्या मारणाऱ्या जाहिराती गेल्या होत्या. मग एके दिवशी ‘हे एक्स्टेन्शन आता चालणार नाही’ असं म्हणून क्रोमने ते बंदच करून टाकलं. मी काही दाबलं नव्हतं. हे एक्स्टेन्शन नक्की करत काय होतं? क्रोमला त्याचं काय दुखलं? आणि फुकटची बातमी जाहिराती गाळून वाचणं ही चोरी म्हणायची का?

उत्तर : तुम्ही काही दाबलं नव्हतं हे खरंच आहे. दाबलं ते गूगलने. पण आधी तुमचा पहिला प्रश्न घेऊ, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे.

बातमीचं पान एकट्या पेपरच्या संगणकाकडून येत नाही. मजकूर तिथून येतो, पण त्याच क्षणी तुमचा ब्राउझर आणखी कितीतरी पत्त्यांवर मागण्या धाडत असतो. कोणती जाहिरात दाखवायची ते ठरवणारे वेगळे, काल तुम्ही कुठे मिक्सर बघत होतात ते लक्षात ठेवणारे वेगळे, मोजदाद करणारे आणखी वेगळे. ब्लॉकर प्रत्येक मागणी बाहेर पडण्याआधी एका यादीशी ताडून पाहतो. पत्ता यादीत सापडला, की मागणी तिथेच थांबते. म्हणजे आलेली जाहिरात हा झाकत नाही, बहुतेक वेळा ती निघतच नाही. म्हणून पान झटकन उघडतं आणि डेटाही वाचतो. २०१६ सालच्या पेजफेअरच्या अहवालात मोबाइलवर जाहिराती अडवणारे भारतीय १२ कोटींच्या घरात होते. तेव्हा डेटा महाग होता, आणि यूसी ब्राउझरसारख्या ॲपमध्ये ब्लॉकर आयताच मिळायचा. २०२० साली ज्या ५९ ॲपवर सरकारने बंदी घातली, त्यांत तेही गेलं.

सगळी जादू यादीत आहे. त्यातली एक ओळ जवळून बघा. सुरुवातीला दोन उभ्या रेघा, मग जाहिरात पुरवणाऱ्या कंपनीचा पत्ता आणि शेवटी प्रूफं तपासणारे घालतात तसलं हंसपद, म्हणजे पत्ता इथे संपला. जाहिरातीची चौकट पानातच बसवलेली असेल तर ओळ वेगळी : साइटचं नाव, दोन हॅश आणि त्या चौकटीचं पानातलं नाव. अशा हजारो ओळींची ‘ईझीलिस्ट’ ही यादी २००५पासून चालू आहे, आणि ती सांभाळणारे मुख्यतः हौशी स्वयंसेवक आहेत. तिच्याच जोडीला ‘इंडियनलिस्ट’ नावाची पुरवणी आहे, हिंदी, बंगाली, तमिळ आणि मराठी साइटांसाठी. एखाद्या मराठी साइटने जाहिरातीच्या चौकटीचं नाव बदललं, की कुणीतरी कळवतं आणि कुणीतरी ओळ दुरुस्त करतं. या कामाचा पगार नाही. ब्लॉकर लावूनही मराठी साइटवर जाहिराती दिसत असतील, तर सेटिंगमध्ये जाऊन ही पुरवणी चालू आहे का ते आधी बघा. बहुतेकांची नसते.

यादी दुसऱ्याच्या हाती म्हटल्यावर ती विकलीही जाऊ शकते. पहिला ‘ॲडब्लॉक’ २००२ साली हेन्रिक सोरेनसन या डॅनिश विद्यार्थ्याने लिहिला. २००६मध्ये व्लादिमीर पालांट यांनी तो नव्याने लिहून ‘ॲडब्लॉक प्लस’ केला. २०११ साली त्याच्याभोवती जर्मनीतल्या कोलोनमध्ये ‘आयओ’ ही कंपनी उभी राहिली आणि त्याच साली ‘स्वीकारार्ह जाहिराती’ची योजना आली. जाहिरात फार त्रासदायक नसेल तर तिला वाट मोकळी, मात्र मोठ्या कंपन्यांनी त्याचे पैसे मोजायचे. ही सूट तुम्ही बंद करू शकता, पण ती मुळात चालूच ठेवलेली असते. कुंपणाने शेत खायला सुरुवात केली ती इथे. रेमंड हिल यांनी २०१४मध्ये आणलेला यूब्लॉक (पुढे यूब्लॉक ओरिजिन) लोकांना भावला तो म्हणूनच. हा माणूस देणग्यासुद्धा घेत नाही. तुमच्या मुलाने टाकलेला बहुधा हाच असावा.

आता क्रोम. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो, तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारून आत सोडतो. जुन्या पद्धतीत ब्लॉकर हा तुम्ही नेमलेला वॉचमन होता. ‘मॅनिफेस्ट व्ही-थ्री’ या नव्या पद्धतीत त्याने गेटवर उभं राहायचं नाही. नको असलेल्यांची यादी आधीच बिल्डरच्या ऑफिसात जमा करायची, किती नावं द्यायची ते बिल्डर ठरवणार आणि गेटवर माणूसही बिल्डरचाच. गूगलचं म्हणणं असं, की जुन्या पद्धतीत कुठलंही एक्स्टेन्शन तुमची सगळी ये-जा वाचू शकायचं, ते धोक्याचं होतं. हे खोटं नाही. २०१८ साली क्रोमच्या दुकानात पाच बनावट ब्लॉकर सापडले, त्यांचे वापरकर्ते मिळून दोन कोटींवर होते! पण गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा जाहिरातींचा आहे, हे विसरून तो युक्तिवाद ऐकता येत नाही. २०२४च्या मध्यापासून इशारे येऊ लागले आणि २०२५मध्ये जुनी पद्धत क्रोममधून पुरती गेली. तिच्यासोबत तुमचा ब्लॉकर.

उपाय सोपा आहे. फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन पूर्वीसारखा चालतो, अँड्रॉइड फोनवरही. (फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन घालताच येत नाही, तिथे डोकं आपटू नका.) क्रोम सोडवत नसेल तर त्याच लेखकाचा ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ आहे. त्यावर दुधाची तहान ताकावर भागते, आणि ताक वाईट नाही. नाव मात्र अक्षर न् अक्षर तपासून घ्या. ‘ओरिजिन’ नसलेला नुसता यूब्लॉक वेगळा, तो २०१८मध्ये विकला गेला.

चोरीबद्दल. जर्मनीत ॲक्सेल स्प्रिंगर या बड्या वृत्तसमूहाने आयओवर दावा लावला होता. एप्रिल २०१८मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ब्लॉकर कायदेशीर ठरवला. आपल्याकडेही तो वापरायला बंदी करणारा कायदा नाही. उलट अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२मध्ये लोकांना सर्च करताना ब्लॉकर वापरा असा सल्लाच दिला, कारण शोधाच्या निकालांवर पैसे भरून बसलेल्या जाहिरातींतून नकली साइट लोकांना गळाला लावत होत्या. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून फसलेली माणसं आपल्याही इमारतीत भेटतील. (फसलात तर लगेच १९३० लावा.) केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणारे १३ प्रकार नियमांत मोजून ठेवले, त्यांत बातमीचा वेश घेतलेली जाहिरात आहेच.

जाहिरातीला माप का हवं, हे तुमच्या लाइनवरच्या घाटकोपरला सांगावं लागत नाही. १३ मे २०२४ला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. १७ माणसं गेली. पडद्यावरची जाहिरात कुणाच्या अंगावर पडत नाही हे खरं, पण तिथे माप घेणारा कुणी नाही, म्हणून वाचक आपली पट्टी घेऊन बसतो. माझं मत विचाराल तर चोरी नाही. मात्र ज्या मराठी साइटवर रोज सकाळी जाता, जिची वर्गणी भरत नाही आणि जिच्या जाहिराती निमूटपणे कडेला बसतात, तिच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवा. जी साइट ‘बंद करा’च्या फुलीवरच जाहिरात उघडते, तिला दयामाया नको.

प्रश्न : अंधेरीहून लिहिते आहे. माझं मालवणी जेवणाचं यूट्यूब चॅनेल आहे. ब्लॉकरवाल्यांमुळे माझं नुकसान होतं का? मध्यंतरी व्ह्यू एकदम घसरले होते.

उत्तर : होतं, ताई. मोठ्या व्हिडिओवर दिसलेल्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. जाहिरातच दिसली नाही, तर वाटा कशातून द्यायचा? म्हणून तर २०२३च्या शेवटी यूट्यूबने जगभर ब्लॉकरवाल्यांना ‘तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद’ असं दटावायला सुरुवात केली. प्रीमियम घेऊन बघणाऱ्यांच्या वर्गणीतला वाटा मात्र तुम्हाला मिळतो. भारतात ते ऑगस्ट २०२४मध्ये महिना १४९ रुपये झालं, आणि सप्टेंबर २०२५मध्ये ८९ रुपयांचं प्रीमियम लाइटही आलं.

व्ह्यू घसरल्याचा काळ २०२५चा ऑगस्ट असेल तर तुम्ही एकट्या नव्हतात. तेव्हा जगभरातल्या चॅनेलवाल्यांचे कॉम्प्युटरवरचे व्ह्यू घटले आणि बोट दाखवलं गेलं ते ईझीलिस्टमधल्या एका नव्या ओळीकडे. व्हिडिओ बघितल्याची नोंद पाठवणारी मागणीच तिने अडवली होती, असं म्हणतात. ब्लॉकरमुळे आकडे कमी दिसू शकतात हे यूट्यूबनेही पुढे सांगितलं. पैशांना मात्र त्याने फारसा धक्का लागत नाही, कारण या प्रेक्षकांना जाहिरात एरवीही दिसत नव्हती. फटका बसतो तो नारळाचं दूध नाहीतर मसाले विकणाऱ्या कंपनीला आकडे दाखवून प्रायोजकत्व मागताना. तेव्हा फोन आणि टीव्हीवरचे व्ह्यू वेगळे काढून दाखवा. तिथे ही भानगड कमी असते.

प्रश्न : बोरिवलीत आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स ऑनलाइन भरताना ‘पे’ दाबलं की चाक नुसतं फिरतं, बँकेचं पान येतच नाही. दोष ब्लॉकरचा?

उत्तर : शक्य आहे. पैसे भरण्याचं पान दुसऱ्या पत्त्यावरून येतं, ते एखाद्या कडक यादीत अडकतं. नाहीतर ब्राउझरने नवी खिडकी स्वतःच अडवलेली असते. तसं असेल तर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटी खूण दिसते, तिच्यावर क्लिक करून परवानगी द्या. ब्लॉकरचा संशय असेल तर त्याच्या चिन्हावर जाऊन फक्त या साइटपुरता तो बंद करा आणि पान पुन्हा उघडा. पण त्याआधी खात्यातून पैसे वजा झालेत का ते बघा. सोसायटीकडून दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळवायला पुढची सर्वसाधारण सभा उजाडते.