पोहण्याचा गॉगल घेताना

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतील नववीची एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. महापालिकेच्या तलावावर ती रोज वीस राउंड मारायची. कपाळ दुखत होते, डोळ्यांभोवती वळ उठले होते आणि तरीही गॉगलमध्ये पाणी शिरत होते. आई म्हणाली, "ताई, पोहणंच बंद करते हिचं." आम्ही गॉगल मागवून पाहिला. तो थोरल्या भावाचा, तिच्या चेहऱ्याला मोठा. पाणी अडावे म्हणून ती पट्टा आवळत राहिली होती. पोहणे बंद करायची गरज नव्हती, गॉगल बदलायचा होता.

माप कसे पाहावे?

दुकानात पट्टा डोक्यावर न घालता दोन्ही वाट्या डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात सोडा. गॉगल दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो बसतो. लगेच पडला तर दुसरा पाहा. पाणी अडवते ती कड. पट्टा फक्त गॉगल जागेवर धरतो, म्हणून तो आवळून काही साधत नाही.

कड मऊ सिलिकॉनची असावी आणि डोळ्याभोवतीच्या हाडावर सगळीकडून टेकावी. पापण्यांचे केस काचेला लागू नयेत. नाकावरची पट्टी लहान-मोठी करता येत असेल तर उत्तम. मागे दुहेरी पट्टा असला की ताण वाटला जातो. लहान मुलांना मुलांच्याच मापाचा घ्या.

काच कोणती?

बंद तलावात किंवा संध्याकाळी पारदर्शक काच बरी. उघड्या तलावात उन्हात पोहणाऱ्यांनी गडद, अतिनील किरण अडवणारी घ्यावी. लांबचे दिसत नसेल तर मायनस नंबरचे तयार गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पोहू नका. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकले तर बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

वापरताना

• पोहून झाल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा.
• आतल्या बाजूला धुके न येण्याचा थर असतो. तिथे बोट किंवा टॉवेल घासू नका.
• काढताना मागचा पट्टा उचलून काढा. पुढून ओढला आणि सुटला तर काच डोळ्यावर आदळते.
• एकाचा गॉगल दुसऱ्याने घालू नये. डोळे आलेले असतील तर पोहायलाच जाऊ नये.
• हा गॉगल पाण्यात खोल बुडी मारण्यासाठी नाही. खोलवर दाब वाढून डोळ्यांना इजा होते.

डोळे लाल झाले तर

घाम आणि लघवी पाण्यातल्या क्लोरिनशी मिसळली की डोळे चुरचुरतात. म्हणून तलावात उतरण्याआधी सर्वांनीच अंघोळ करावी. नंतर डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत. लाली दुसऱ्या दिवशीही राहिली, दुखले, चिपडे आली किंवा अंधुक दिसले तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली चटकन जाते, पण डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि आतला आजार बळावतो.

त्या मुलीने लहान मापाचा गॉगल घेतला. वळ गेले, डोकेदुखी थांबली. या उन्हाळ्यात तिची आईच तिला तलावावर सोडायला जाते.