पाणी केव्हा यावे, केव्हा ओसरावे : केवलादेव पाणथळीतील ऋतुनिहाय जलव्यवस्थापन व अधिवासाची देखभाल

प्रस्तावना

राजस्थानातील भरतपूर हे शहर कृषी क्षेत्राला मोहरी संशोधनासाठी परिचित आहे. या शहराला लागूनच सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रावर केवलादेव राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. स्थानिक लोक त्यास ‘घना’ म्हणतात. १९८१ मध्ये रामसर स्थळ आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळ म्हणून या पाणथळीची नोंद झाली. तेथे येणारा पर्यटक हे सरोवर निसर्गनिर्मित समजतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. मूळचा हा एक सखल भूभाग. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध उभा राहिला. पुढे भरतपूर संस्थानाने बदकांच्या शिकारीसाठी या सखल भागात लहान बांध, पाट आणि दारे बांधली. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी नोंद तेथील शिलालेखावर आहे. शिकार थांबली, परंतु पाणी सोडण्याची ती व्यवस्था आजही या अधिवासाचा कणा आहे.

शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर केवलादेव हे एक सिंचित क्षेत्र आहे. त्यास स्रोत आहे, पाट आहेत, वाफे आहेत आणि आवर्तनेही आहेत. म्हणूनच त्याचा अभ्यास विस्तार कार्यकर्त्यांना व प्रयोगशील शेतकऱ्यांना उपयुक्त ठरतो. या अभ्यासाचे सूत्र थोडक्यात असे : पाणथळ केवळ पाण्याच्या साठ्यावर जगत नाही. पाणी येण्याची वेळ, त्याची खोली, त्याचे ओसरणे आणि वाढलेल्या वनस्पतीची नियमित काढणी या चारही बाबी सांभाळाव्या लागतात.

पाण्याची मांडणी

भरतपूर परिसरात पर्जन्यमान वार्षिक सरासरी साधारण साडेसहाशे मिलिमीटर असून त्यातील बहुतांश पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. एवढ्या पावसावर उद्यानातील तलाव भरत नाहीत. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी पूर्वापार अजान बांधात साठवून पाटाने उद्यानात घेतले जात असे. पूर्ण हंगामासाठी उद्यानाची गरज सुमारे ५५० दशलक्ष घनफूट, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून किंचित अधिक मानली जाते.

उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याखाली येतो. हा भाग बांधांनी लहानमोठ्या खंडांत विभागलेला आहे. खंडांमधील दारे उघडून किंवा बंद करून प्रत्येक खंडातील पातळी स्वतंत्रपणे राखता येते. भातखाचरांच्या उतरणीशी ही रचना बरीच मिळतीजुळती आहे. सर्व खंड सारख्या खोलीचे नसतात आणि ते तसे असूही नयेत. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या तुतवारीसारख्या पक्ष्यांना काही सेंटिमीटर पाणी पुरते. थापट्या, तलवार बदक यांसारखी पृष्ठभागावरून खाद्य टिपणारी बदके वीतभर पाण्यात चरतात. बुड्या मारणाऱ्या बदकांना त्याहून खोल पाणी लागते. सर्वत्र एकसारखी खोली ठेवली, तर एखाद्याच गटाची सोय होते आणि उरलेले पक्षी अन्यत्र जातात.

पावसाळा : भरणी

कोरड्या, गवताळ जमिनीवर पाणी पसरताच काही दिवसांत ते गवत कुजू लागते. त्यावर जीवाणू व शेवाळ वाढते आणि त्यांवर बिनचावणाऱ्या चिलटांच्या, म्हणजे कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या पोसल्या जातात. त्यांतील अनेकांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या लाल दिसतात व कमी प्राणवायूच्या चिखलातही तग धरतात. उबदार पाण्यात त्यांची एक पिढी दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होऊ शकते. पाठोपाठ पाणभुंगेरे, पाण्यातील ढेकूण, चतुर व टाचणी यांची पिल्ले येतात.

हळदी-कुंकू बदक, अडई यांसारखी स्थानिक बदके याच काळात वीण करतात. प्रौढ बदके बिया व कंद खात असली, तरी अंडी घालण्यापूर्वी मादीस आणि पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांस प्राणिज प्रथिनांची गरज असते. ती गरज मुख्यतः या कीटकांतून भागते. सर्व खंड एकाच वेळी काठोकाठ भरल्यास कीटकांची लाट एकदाच येऊन ओसरते. खंड टप्प्याटप्प्याने भरल्यास तेच अन्न अधिक काळ उपलब्ध राहते. पातळी एकाएकी चढल्यास पाणवनस्पतींवर घरटी करणाऱ्या कमळपक्ष्यासारख्या पक्ष्यांची अंडी बुडतात, म्हणूनही भरणी संथ असावी लागते.

रंगीत करकोचे, उघड्या चोचीचे करकोचे, पाणकावळे व बगळे हे पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर वसाहतीने घरटी करतात. झाडाभोवतीचे पाणी शिकारी प्राण्यांना अडवते आणि त्याच पाण्यातील मासे पिल्लांचे अन्न असते. नदीच्या पुराबरोबर मत्स्यबीज आपोआप आत येते. कूपनलिकेच्या पाण्याबरोबर ते येत नाही. त्यामुळे घनफुटांचा हिशेब जुळला तरी वीण साधेलच असे नाही. ऑगस्टमध्ये यावयाचे पाणी ऑक्टोबरमध्ये आले, तर त्या वर्षाची वीण हुकलेली असते. पेरणीचा वाफसा गेल्यावर आलेल्या पावसाने जसे व्हावे, तसेच हे आहे.

हिवाळा : पातळी राखणे

ऑक्टोबरपासून उत्तरेकडून बदके व हंस येऊ लागतात. या काळात पाण्याची पातळी स्थिर ठेवून पुढे ती हळूहळू उतरू दिली जाते. पाणी मागे सरकताना दररोज ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो आणि त्यातील अळ्या, बिया व कंद पक्ष्यांना मिळतात. सायबेरियन क्रौंच येथे उथळ पाण्यातील लव्हाळ्यांचे कंद उकरून खात असत. त्यांची अखेरची जोडी २००१–०२ च्या हिवाळ्यात दिसली. त्यांच्या ऱ्हासात स्थलांतर मार्गावरील शिकारीचा मोठा वाटा मानला जातो. अधिवास कितीही राखला तरी त्याच्या कक्षेबाहेरील धोके उरतात, याचे हे उदाहरण होय.

उन्हाळा : ओसरणे व दुरुस्ती

मार्चनंतर बहुतेक खंड आटतात. अनेकांना ही हानी वाटते. परंतु हंगामी पाणथळीसाठी तो विश्रांतीचा काळ असतो. तळाचा गाळ उघडा पडून त्यात हवा खेळते, साचलेले सेंद्रिय द्रव्य कुजते आणि पुढील भरणीस अन्नद्रव्ये मोकळी होतात. बांधांची डागडुजी, पाटांतील गाळ काढणे, दारांची दुरुस्ती, घरट्यांच्या झाडांसाठी मातीचे उंचवटे करणे आणि जलपर्णी उपसणे ही कामे याच दिवसांत उरकावी लागतात. पाण्याबरोबर शिरलेला आफ्रिकी मागूर हा मासा स्थानिक मासे व पक्ष्यांची पिल्ले खातो. पाणी आकसल्यावर त्यास पकडणे सुलभ होते.

मात्र काही खोल डबकी ओली राहणे आवश्यक असते. मासे, कासवे आणि भक्षक कीटक तेथे उन्हाळा काढतात व पुढील पावसात तेथूनच सर्वत्र पसरतात. डासांच्या दृष्टीनेही याचे महत्त्व आहे. नव्याने साचलेल्या पाण्यात डास प्रथम पोहोचतात. त्यांच्या अळ्या खाणारे कीटक व मासे मागाहून येतात. जवळच भक्षकांचा साठा असल्यास हे अंतर कमी होते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास मुख्यतः घराभोवतीच्या भांड्यांत, टाक्यांत व टायरांत वाढतो. त्यामुळे त्याच्या भीतीने पाणथळीत कीटकनाशक टाकण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

चराईबंदीचा धडा

१९८२ मध्ये उद्यानात चराईस पूर्ण बंदी घालण्यात आली. गुरे हटली की पक्ष्यांना लाभ होईल, अशी त्यामागील धारणा होती. भोवतालच्या गावांनी विरोध केला आणि पोलीस गोळीबारात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० या काळात केलेल्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. म्हशी पाण्यात उतरून पास्पॅलम डिस्टिकम हे सरपटणारे पाणगवत खात व तुडवत असत. त्या गेल्यानंतर हे गवत दाट गादीसारखे पसरले, खुले पाणी कमी झाले आणि बदकांच्या चरण्याच्या जागा आकसल्या. म्हशी तेथे देखभालीचेच काम करीत होत्या, हे त्या नाहीशा झाल्यावर उमगले.

यावरून अनिर्बंध चराई हितकारक ठरते, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. वाढणारे जैवभार दर वर्षी कोणीतरी काढले पाहिजे, एवढाच निष्कर्ष निघतो. पुढे गावकऱ्यांना परवान्यावर गवत कापून नेण्यास मुभा देण्यात आली. तलाव कोरडे राहिलेल्या वर्षांत वेडी बाभूळ आतपर्यंत पसरली, तेव्हा २००७ पासून गावकऱ्यांच्या सहभागाने ती मुळासकट काढण्याचे काम झाले व लाकूड त्यांनाच मिळाले. ज्या गावांशी एके काळी संघर्ष झाला, तीच गावे देखभालीत सामील झाली. त्याची किंमत मात्र आधीच मोजली गेली होती.

शेपटाकडचा लाभधारक

गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर अजान बांधाकडे येणारे पाणी घटले. २००० नंतरच्या दशकात अवर्षण आणि धरणाच्या पाण्यावरील वाद एकत्र आले. काही वर्षी तलाव जवळजवळ कोरडे राहिले. वरच्या भागातील शेतकऱ्यांचीही पाण्याची गरज खरी होती. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला ही स्थिती नवी नाही. फरक इतकाच की पक्षी पाणीवाटपाच्या बैठकीत अर्ज देऊ शकत नाहीत आणि आपला हंगाम पुढे ढकलू शकत नाहीत. पुढे गोवर्धन ड्रेनचे पुराचे पाणी आणि चंबळ नदीवरील योजनेचे पाणी हे पर्याय उभे करण्यात आले. त्यांनी तलाव जगविले. तरीही पर्यायी पाणी वेळेवर येते का, त्याबरोबर काय येते आणि काय येत नाही, हे प्रश्न दर हंगामात विचारावेच लागतात.

भोवतालच्या शेतीचा संबंध

अधिवासाची सीमा कुंपणावर संपत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उद्यान परिसरात सारस व होले मृत आढळले. तपासणीत आल्ड्रिन या कीटकनाशकाचे अवशेष सापडले. गव्हातील वाळवीच्या बंदोबस्तासाठी ते त्या काळी वापरले जात असे. आल्ड्रिनवर पुढे देशात बंदी आली. परंतु प्रक्रिया केलेले बियाणे उघड्यावर सांडणे, फवारणीची टाकी ओढ्यात धुणे या सवयी अद्याप गेलेल्या नाहीत.

विस्तार कार्यासाठी बोध

महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नांदूर मधमेश्वर या पाणथळीस २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हा जलाशयही सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच निर्माण झाला आहे. गावतळी, पाझर तलाव व मातीची शेततळी यांनाही पुढील तत्त्वे लागू पडतात. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात चिखल व उथळ काठ नसल्यामुळे तेथे हा लाभ मर्यादित राहतो.

१. तलावाचा किमान एक काठ मंद उताराचा ठेवावा. खडा काठ पाणी साठवितो, पण उथळ अधिवास देत नाही.

२. गाळ काढताना संपूर्ण तळ एकाच वर्षी खरवडू नये. निम्मा भाग एका वर्षी व उरलेला पुढील वर्षी घ्यावा, म्हणजे कीटक व वनस्पतींचे मूळ शिल्लक राहते.

३. जलपर्णी फुलण्यापूर्वी काढून काठापासून दूर कंपोस्ट करावी. काठावर टाकल्यास पहिल्या पावसात ती पुन्हा पाण्यात जाते.

४. गवत कापणी किंवा चराईचे दिवस, जागा व जनावरांची संख्या ग्रामसभेत ठरवावी. विणीच्या काळात घरट्यांचा भाग वगळावा.

५. उन्हाळ्यात एक खोल कोपरा ओला राहील, अशी आखणी करावी.

६. तलावाच्या पाणलोटात फवारणी करताना काठालगत गवताचा पट्टा सोडावा, वाऱ्याची दिशा पाहावी आणि प्रक्रिया केलेले बियाणे मातीने पूर्ण झाकावे.

७. पाणी आल्याची तारीख, काठीवर मोजलेली खोली आणि दिसलेले पक्षी यांची साधी वही ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून गावाला आपल्या तलावाचे वेळापत्रक कळू लागते.

समारोप

केवलादेव येथे जे टिकले, ते कुंपणामुळे जेवढे टिकले तेवढेच दार वेळेवर उघडणाऱ्या, पाट साफ ठेवणाऱ्या आणि गवत कापणाऱ्या हातांमुळेही टिकले. संरक्षण म्हणजे जागा जशीच्या तशी सोडून देणे, ही समजूत १९८२ नंतरच्या अनुभवाने बाजूस सारली. आपल्या गावच्या तलावाकडेही पिकाइतक्याच नेमाने पाहिले, तर तेथील पाणी शेतीबरोबर पाखरांनाही पुरे पडू शकेल.